भजनांच्या चाली कागदावर कशा उतरवाव्यात?

अभ्यासासाठी वाचन : स्तोत्रे २२, ४५, ५७, ५८, ५९, ६९ व ७५ यांची केवळ शीर्षके, १ करिंथ १४:७-११.

स्तोत्रे वाचताना आपण शीर्षकांवरून नजर पुढे नेतो आणि पहिल्या ओवीपासून वाचू लागतो. या वेळी उलट करावे. ओव्या बाजूस ठेवून नुसती शीर्षके वाचावीत. बाविसाव्या स्तोत्रावर मुख्य गवयाला सूचना आहे आणि पुढे काही इब्री शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘पहाटेची हरिणी’ असा पंडित सांगतात. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि पुन्हा पंचाहत्तर या चारही स्तोत्रांवर ‘नाश करू नको’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पंचेचाळिसाव्यावर व एकोणसत्तराव्यावर कमळांचा उल्लेख आहे. ही बहुधा त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींची नावे असावीत असे बहुतेक भाष्यकार मानतात. गवयाला नाव सांगितले की पुरे होत असे. चाल त्याला येतच होती. म्हणून ती कोणी लिहून ठेवली नाही. आज शब्द अक्षरशः आपल्या हाती आहेत, आणि चाल मात्र एकही नाही.

आता आपले जुने गीतांचे पुस्तक काढून पाहावे. गीताच्या डोक्यावर कोठे रागाचे नाव आहे, कोठे तालाचे, कोठे ‘चाल’ हा शब्द लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले दोन शब्द आहेत. ते पद पुष्कळदा त्या काळच्या नाटकातले वा कीर्तनातले असे. ज्या वाचकांसाठी ते छापले त्यांना तेवढी खूण पुरत होती. आज त्या नाटकातले पद म्हणून दाखविणारा मनुष्य दहा गावे हिंडून मिळावयाचा नाही. म्हणजे आपल्या पुस्तकाची स्थिती आज स्तोत्रसंहितेच्या शीर्षकांसारखीच होत चालली आहे, आणि त्याला तीन हजार वर्षे लागली नाहीत, शंभर पुरली.

ही काळजी आम्हाला ग्वाल्हेरात अधिक वाटली याचे कारण उघड आहे. येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी. रविवारची उपासना हिंदीत होते, आणि मराठी भजने घरच्या प्रार्थनासभेत किंवा नाताळात कानावर पडतात. ज्या दोनचार वडीलधाऱ्यांना जुन्या चाली येतात त्यांच्यानंतर काय, असा प्रश्न आम्हा काही जणांपुढे आला. तेव्हा आम्ही ठरविले की तीसेक भजनांच्या चाली स्वरलिपीत लिहून, संगणकावर नीट जुळवून, छापील वहीच्या रूपाने मंडळ्यांना व शब्बाथशाळांच्या शिक्षकांना द्याव्यात. या कामी कोणती लिपी घ्यावी आणि कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याचा जो शोध आम्ही केला तो येथे मांडीत आहो, म्हणजे दुसऱ्या मंडळीला तोच रस्ता पुन्हा चाचपावा लागू नये.

लिपी आधी, यंत्र मागाहून

पुष्कळ तरुण मंडळी आधी सॉफ्टवेअरचे नाव विचारतात. आमचे म्हणणे असे की, आधी वाचणारा कोण ते ठरवा. पेटी वाजविणारे काका, शाळेतील मुले, की चार आवाजांत गाणारा गायकवृंद? प्रत्येकाची लिपी निराळी आहे, आणि लिपी ठरली की सॉफ्टवेअरचा प्रश्न निम्मा सुटतो.

पाश्चात्त्य पद्धतीत पाच रेघांवर टिपके मांडतात. जी उपासनागीते आपल्याकडे परदेशी चालींसह आली त्यांना हीच लिपी योग्य. जिनीव्हाच्या स्तोत्रसंग्रहात १५५१ साली आलेली ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल घ्या. तिचे चार आवाज एकाखाली एक मांडलेले असतात, आणि कोण कोठे वर जातो, कोण खाली येतो हे डोळ्यांना एका दृष्टीत दिसते. सारेगममध्ये तेच चार ओळींत लिहिले तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो.

दुसरी पद्धत टॉनिक सोल्फा. तिचा इतिहास शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी अवश्य माहीत करून घ्यावा, कारण ती त्यांच्याचसाठी निघाली. १८४१ साली इंग्लंडात हल या शहरी शब्बाथशाळा-शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना गाणे शिकविण्याची सोपी रीत शोधून काढण्याचे काम तिने जॉन कर्वेन नावाच्या तरुण पाळकावर सोपविले. नॉर्विच येथील सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने आपल्या शाळेत अक्षरांची एक पद्धत चालविली होती. कर्वेनने ती घेतली, सुधारली आणि देशभर पसरविली. डो, रे, मी यांची केवळ आद्याक्षरे लिहावयाची, आणि ठोक्यांमध्ये दोन टिंबे द्यावयाची, एवढाच तिचा थाट. ‘सोल’ आणि ‘सी’ या दोहोंचे आद्याक्षर एकच येई म्हणून सातव्या स्वराचे नाव ‘टी’ केले. या पद्धतीचा मोठा गुण असा की छापखान्यास निराळे खिळे लागत नसत. मिझोराम व नागालँड येथील मंडळ्यांत ती अजून घट्ट रुजलेली आहे, आणि तेथील गायकवृंद ऐकले म्हणजे तिच्या उपयुक्ततेविषयी शंका राहत नाही.

आमच्या मते मराठी भजनाला मात्र आपले सारेगमच बरे. सोल्फाप्रमाणे येथेही षड्ज हलता आहे. सातही अक्षरे मुळातच निरनिराळी आहेत. आणि आपल्या मुलांनी ती पेटीच्या वर्गात ऐकलेली असतात.

दोन लिपींचा घोळ

सारेगम म्हटले तरी काम संपत नाही, कारण सारेगम लिहिण्याच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात आणि दोहोंचा संबंध ग्वाल्हेरशी आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि आपल्या स्वरलिपीत पाठ्यपुस्तके छापली. दुसरी पद्धत पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची. महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले ते भातखंड्यांच्या पद्धतीवर. त्यासाठी येथील काही गायकांना मुंबईस पाठवून ती पद्धत शिकविण्यात आली होती. त्यांत राजाभैया पूछवाले होते. त्याच्या आधी, १९१४ साली, पं. कृष्णराव शंकर पंडित यांनी आपल्या वडिलांच्या नावे स्वतंत्र संगीतशाळा येथे काढली होती. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरची संगीतनगरी म्हणून निवड केली, तिच्यामागे अशी परंपरा उभी आहे. आपल्या मंडळ्यांना तिचा शेजार लाभला असताना तिच्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

या दोन पद्धतींतील फरक किरकोळ वाटतात, पण छापताना ते जिवावर बेतणारे आहेत. भातखंड्यांच्या लिपीत स्वरावर टिंब दिले तर तो तार सप्तकाचा, खाली दिले तर मंद्र सप्तकाचा. पलुस्करांच्या लिपीत वरचे टिंब मंद्र सप्तकाचे, आणि तार सप्तकास स्वरावर उभी रेघ. आता भातखंड्यांकडे मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. म्हणजे एकच ‘म’, त्यावर एकच रेघ; एका वाचकाला तो तीव्र दिसेल व दुसऱ्याला वरच्या सप्तकातला. तालाच्या खुणांचेही तेच. भातखंडे समेला गुणाकाराची फुली देतात आणि खालीला शून्य. पलुस्करांकडे समेला एकाचा आकडा, आणि खालीला अधिकाचे चिन्ह. फुली जराशी कलली की समेची खाली झाली! भजनांची हस्तलिखिते गोळा करताना एकाच वहीत दोन्ही खुणा आढळतात, कारण लिहिणारा एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे गेलेला असतो. म्हणून टंकलेखनास बसण्यापूर्वी प्रत्येक पानावर ही कोणती पद्धत आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवावे.

आम्ही भातखंडे लिपी घेतली. तिच्यात अधिक गुण आहेत म्हणून नव्हे. पलुस्करांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रांची खूण असते आणि ती लयीच्या बाबतीत अधिक काटेकोर आहे असे आम्हालाही वाटते. पण आज संगीताच्या वर्गात मुले बहुधा भातखंडे लिपीतली पुस्तके वापरतात, आणि वहीचा उपयोग मुलांना व्हावयाचा आहे.

त्या लिपीच्या बाकीच्या खुणा शिक्षकांसाठी थोडक्यात सांगतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ. स्वर लांबला तर पुढे आडवी लहान रेघ. शब्दातले अक्षर लांबले तर अवग्रह. एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर आले तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखा कंस. मींड असेल तर वरून कमान. कणस्वर डाव्या खांद्यावर बारीक अक्षरात. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन घरांत, केरव्याच्या आठ चार-चारच्या दोन घरांत, आणि त्रितालाच्या सोळा चार घरांत मांडतात. रूपकाच्या सात मात्रांत गंमत अशी की पहिल्याच मात्रेला खाली येते. ही छापण्याची चूक समजून कोणी ‘दुरुस्त’ करू नये.

संगणकाकडे वळण्यापूर्वी

खिळ्यांच्या छापखान्यात ही लिपी जुळविणे म्हणजे कंपोझिटरची परीक्षा असे. अक्षराची एक ओळ, तिच्यावर टिंबांची, खाली रेघांची व कंसांची, त्याखाली शब्दांची, आणि सर्व उभ्या ओळीत बरोबर बसली पाहिजेत. एक टिंब अर्धा दाणा सरकले की ते शेजारच्या स्वराचे झाले. संगणकाने हे कष्ट कमी केले, पण धोका तोच ठेवला आहे. टिंब आता खिळ्यावरून सरकत नाही. टंक बदलला की सरकते.

टंकाचा प्रश्न म्हणून पहिला. जुन्या मराठी टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, हा अनुभव चर्चचे कार्यवृत्त लिहिणाऱ्या प्रत्येक चिटणिसाला असेल. यापुढे जे लिहावयाचे ते युनिकोडमध्येच लिहावे. युनिकोडच्या देवनागरीत वैदिक स्वरांसाठी अक्षरावरची उभी रेघ आणि अक्षराखालची आडवी रेघ अशा दोन खुणा आहेत. वेदपाठकांसाठी केलेली ही सोय तीव्र मध्यमाला व कोमल स्वरांना उत्तम लागू पडते. तार सप्तकाच्या टिंबाला अनुस्वार चालतो, आणि मंद्राच्या टिंबाला नुक्ता. केवळ भातखंडे लिपीसाठी बनविलेले टंकही मिळतात व ते दिसायला सुरेख असतात. मात्र त्यांपैकी एखादा युनिकोडचा नसेल तर तो ज्याच्याजवळ नाही त्याला आपली वही वाचता येणार नाही.

टंक घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी. मंद्र सप्तकातला कोमल निषाद लिहून पाहावा. त्यात अक्षराला वेलांटी आहे, खाली आडवी रेघ आहे, आणि तिच्याही खाली टिंब यावयाचे आहे. पुष्कळ टंकांत येथे टिंब रेघेत बुडते. मग तार सप्तकातला रिषभ लिहावा. त्याच्या मात्रेवर टिंब वेगळे दिसले पाहिजे. या दोन अक्षरांत जो टंक उतरला तो घ्यावा. आणि छापून, चष्मा काढून, हातभर अंतरावरून पाहावा, कारण प्रार्थनासभेत पेटीवर ठेवलेला कागद तसाच वाचला जातो.

कोणते सॉफ्टवेअर?

सारेगमच्या वहीसाठी आमचे उत्तर ऐकून काहींची निराशा होईल. निराळे सॉफ्टवेअर घेऊच नये. पत्रे लिहिण्याचे जे साधन संगणकावर असते, उदाहरणार्थ मोफत मिळणारे लिब्रे ऑफिस, त्यात कोष्टक करावे. प्रत्येक मात्रेला एक घर. वरच्या ओळीत तालाच्या खुणा, मधल्या ओळीत स्वर, खाली शब्द. विभागाच्या उभ्या रेघा जाड कराव्यात, बाकीच्या अदृश्य. चौकटी पक्क्या असल्याने स्वर व शब्द एकमेकांखालून हलत नाहीत, आणि वही सुधारावयाची झाली तर कोणताही कॉलेजातला मुलगा ती सुधारू शकतो. भजनाचा मुखडा पुष्कळदा समेच्या आधी उठतो. त्रितालात तर नवव्या मात्रेवरून उठणारी भजने फार. तेव्हा पहिल्या ओळीची सुरुवातीची घरे रिकामी सोडावीत, समेची मात्रा प्रत्येक ओळीत एकाच उभ्या रांगेत येऊ द्यावी. एवढे केले तर तबल्यावर बसलेल्या मुलालाही तो कागद उपयोगी पडतो.

पाच रेघांच्या लिपीसाठी मात्र स्वतंत्र सॉफ्टवेअर लागते, आणि येथे निवड जपून करावी. या क्षेत्रातले एक जुने व प्रतिष्ठित नाव ‘फिनाले’. ते १९८८ साली निघाले, आणि छत्तीस वर्षे जगभरच्या प्रकाशकांनी व गायकवृंदांनी वापरले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या मालकांनी त्याचा विकास व विक्री बंद केल्याचे जाहीर केले. ज्यांची सारी संपत्ती त्याच्या फायलींत होती त्यांची धांदल उडाली. ‘सिबेलियस’ हे दुसरे नाव. १९९३ साली दोन इंग्रज जुळ्या भावांनी काढलेले हे सॉफ्टवेअर २००६ साली एका मोठ्या कंपनीने विकत घेतले, आणि २०१२ साली लंडनचा मूळ कारागीरवर्ग कमी केला. त्याच मंडळींनी दुसऱ्या कंपनीत जाऊन २०१६ साली ‘डोरिको’ तयार केले. सिबेलियस व डोरिको दोन्ही चालू आहेत, दोन्ही उत्तम आहेत, आणि दोहोंच्या मर्यादित आवृत्त्या फुकट मिळतात. पण संपूर्ण आवृत्तीची किंमत लहान मंडळीच्या दानपेटीला झेपणारी नाही, आणि झेपली तरी ती तिच्यावर खर्चावी असे आम्हाला वाटत नाही.

राहिली दोन मोफत साधने. ‘म्यूझस्कोर’ची सुरुवात २००२ साली वेर्नर श्वीर या जर्मन गृहस्थांनी केली. त्यात पडद्यावर पाच रेघा दिसतात, स्वर मांडला की तो ऐकू येतो, आणि खाली मराठी शब्द लिहिता येतात. त्याच नावाच्या एका संकेतस्थळावर इतरांची पत्रके उतरवून घेण्यासाठी वर्गणी मागतात. ती या सॉफ्टवेअरची किंमत नव्हे, हे सांगून ठेवतो, कारण पुष्कळांचा तेथे गैरसमज होतो. दुसरे ‘लिलीपाँड’. दोन डच वादकांनी १९९६ साली ते सुरू केले, आणि जुन्या धातूच्या पत्र्यावरील कोरीव छपाईसारखे सुबक पान देणे हा त्यांचा हेतू. त्यात पडद्यावर रेघा नसतात. स्वर अक्षरांनी टंकित करावयाचे आणि मग यंत्राकडून पान करवून घ्यावयाचे. पान खरोखरच देखणे येते. शिवाय त्याची फाइल म्हणजे साधा मजकूर असल्याने ती कोणत्याही संगणकावर वाचता येते. पण शिकण्यास चिकाटी हवी. ज्या मंडळीत संगणकाचा छंद असलेला एखादा तरुण आहे तिने लिलीपाँडकडे पाहावे. बाकीच्यांनी म्यूझस्कोर घ्यावे.

म्यूझस्कोरमध्ये मराठी शब्द घालताना अक्षरे कोठे तोडावीत हा विचार करावा लागतो. ‘स्वर्ग’ हा शब्द गाताना आपण ‘स्वर्’ एका स्वरावर व ‘ग’ दुसऱ्यावर म्हणतो. लिहिताना मात्र रफार गवर चढलेला. ‘स्व’ आणि ‘र्ग’ असे तोडले तर डोळ्यांना नीट वाटते पण मूल तसेच म्हणू लागते. आम्ही गाण्याप्रमाणे तोडतो व पाय मोडून लिहितो. भाषेच्या शिक्षकांनी याबद्दल क्षमा करावी. आणखी एक सोय: शब्दांच्या दोन ओळी घालता येतात, तेव्हा पहिल्या ओळीत सारेगम व दुसरीत शब्द लिहिले तर एकच पान गायकवृंदाला व पेटीवाल्यालाही चालते.

स्वरपट्टीचाही उल्लेख केला पाहिजे. पाच रेघांवर स्वराची उंची ठरून जाते, म्हणून काळी एकमध्ये लिहिलेली चाल बायकांसाठी काळी चारमध्ये हवी असेल तर सर्व पान बदलावे लागते. सॉफ्टवेअर हे एका क्षणात करते. सारेगममध्ये काहीच बदलावे लागत नाही. डोक्यावर षड्ज कोणता एवढे लिहिले की झाले.

यंत्र गाते ते ऐकावे का?

ऐकावे, पण चूक शोधण्यासाठी. एखादा स्वर चुकीचा मांडला असेल तर कान तो ताबडतोब पकडतो. मुलांना भजन शिकविण्यासाठी मात्र यंत्राचा आवाज लावून देऊ नये. ते प्रत्येक स्वर खुंटीला टांगल्यासारखा सुटा वाजविते. त्यात मींड नाही, श्वास नाही, आणि शब्दाचा अर्थ तर नाहीच.

चाल लिहून घेताना हीच अडचण आमच्यापुढे आली. आमच्यातील एक मुलगी संगीताच्या परीक्षा दिलेली. ती पेटीवाल्या काकांसमोर वही घेऊन बसे. एका भजनाच्या अंतऱ्यात ती थांबून म्हणाली, “काका, हा गंधार कोमल की शुद्ध?” काका म्हणाले, “अगं, पेटीवर विचारू नकोस. पेटीत तो नाही. ऐक.” आणि त्यांनी तोंडाने म्हणून दाखविले. गंधार दोहोंच्या मध्ये कोठेतरी झुलत होता. तिने कोमल लिहिला, वर कमान काढली, आणि समासात ‘काकांकडून ऐकावे’ असे लिहिले. आमच्या मते हे लिहिणे बरोबर आहे. स्वरलिपी हा सांगाडा असतो हे घराण्यांतील गुरू नेहमी सांगत आले आहेत. म्हणून प्रत्येक चालीबरोबर माणसाच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ठेवावे. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. मात्र पंखा बंद करावा, आणि आधी तंबोऱ्याचा किंवा पेटीचा षड्ज स्पष्ट ऐकवावा.

करिंथकरांस लिहिताना पौलाने बासरी, वीणा व कर्णा यांची उदाहरणे घेतली आहेत. नादांत भेद नसेल तर काय वाजते ते कळावे कसे, असा त्याचा प्रश्न आहे. तो अन्य भाषांविषयी बोलत होता हे खरे. पण ज्याने कोमल स्वराखालची रेघ गाळली आणि पान छापून वाटले, त्याने तो भाग एकदा वाचावा.

परवानगी आणि जतन

शब्द कोणाचे व चाल कोणाची हे छापण्यापूर्वी पाहावे. भारतातील कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि ती वर्षे त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून मोजतात. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांचे शब्द आता कोणालाही छापता येतात. पण त्याच शब्दांना अलीकडे कोणी नवी चाल लावली असेल तर त्या चालीचा हक्क त्या माणसाचा आहे. एक पत्र लिहिले तर बहुधा आनंदाने परवानगी मिळते. न विचारता छापले तर मात्र मंडळीचे नाव खराब होते. दुसऱ्याच्या छापील पुस्तकातल्या पानाचे छायाचित्र काढून आपल्या वहीत घालणे हाही त्यातलाच प्रकार.

फिनालेची हकीकत वर दिली ती यासाठी की, कोणतेही सॉफ्टवेअर एक दिवस बंद होईल हे गृहीत धरून चालावे. पाच रेघांचे प्रत्येक पान तीन रूपांत ठेवावे: त्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, छपाईसाठी पीडीएफ, आणि ‘म्युझिक एक्सएमएल’ या सामाईक नमुन्यातील प्रत. हा नमुना २००४ पासून प्रचारात आहे, आणि एका सॉफ्टवेअरमधील संगीत दुसऱ्यात नेण्यासाठीच तो केलेला आहे. पीडीएफ करताना टंक तिच्यातच बसविला आहे ना ते पाहावे. तीनही रूपे दोन वेगळ्या घरी ठेवावीत, आणि एक प्रत कागदावर, बिनआम्ल कागद मिळाल्यास त्यावर, चर्चच्या नोंदवह्यांच्या कपाटात.

प्रत्येक चालीच्या शेवटी चार गोष्टी लिहाव्यात असे आम्ही ठरविले आहे: चाल कोणी म्हणून दाखविली (त्यांची संमती असेल तर नावासह), त्यांनी ती कोठे व कोणत्या सुमारास शिकली, लिहून कोणी घेतली, आणि तारीख. एकाच भजनाच्या दोन चाली मिळाल्या, एक अहमदनगरकडची व एक सोलापूरकडची, तर कोणती खरी असा वाद घालू नये. दोन्ही छापाव्यात, आणि प्रत्येकीखाली ती जेथून मिळाली त्या गावाचे नाव लिहावे.